पडद्यावरील जीवसृष्टी आणि तिचे नियम

(शिक्षक, शासकीय अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बोरिवली स्थानकावरून पूर्वेकडे चालू लागले की थोड्याच अंतरावर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार लागते. एका अंगाला बोरिवली, कांदिवली, गोरेगाव ही पश्चिम उपनगरे, दुसऱ्या अंगाला मुलुंड, भांडुप ही पूर्व उपनगरे आणि या दोहोंच्या मधोमध सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे अरण्य उभे आहे. लोकलगाड्यांचा आवाज जिथवर पोहोचतो तिथे आजही बिबट्या वावरतो आणि चितळांचे कळप चरतात. शाळेच्या सहलीबरोबर आलेली मुले चितळाच्या अंगावरील ठिपके पाहतात आणि गुरुजींना विचारतात की हे ठिपके त्याला कोणी दिले? लक्षावधी वर्षांच्या उत्क्रांतीतून ते आले, असे उत्तर गुरुजी देतात. त्यावर एखादा चौकस मुलगा पुन्हा विचारतो, “पण हे घडताना कोणी पाहिले?”

हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. तो विज्ञानाचाच प्रश्न आहे. राज्य मंडळाच्या इयत्ता दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ या पाठ्यपुस्तकाचे पहिले प्रकरण आनुवंशिकता व उत्क्रांती हे आहे. म्हणजे राज्यातील लक्षावधी विद्यार्थी दरवर्षी या विषयाला सामोरे जातात. परंतु जी गोष्ट एका मनुष्याच्या आयुष्यात सहसा दिसत नाही, ती चाळीस मिनिटांच्या तासात दाखवायची कशी, ही शिक्षकाची खरी अडचण आहे. संगणकाच्या पडद्यावर कृत्रिम जीव निर्माण करून त्यांच्या शेकडो पिढ्या एका दुपारी पाहता येतात. हे तंत्र त्या अडचणीवरचा एक मार्ग आहे. त्याची आखणी कशी करतात आणि तिच्यातून शाळेबाहेरच्या माणसांनीही काय शिकण्यासारखे आहे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

तीन अटी

चार्ल्स डार्विन यांचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाला. त्यातील विचाराचे सार काढू गेल्यास तीन अटी हाती लागतात. संततीने आईबापांचे गुण उचलले पाहिजेत, ही पहिली. ते उचलताना त्यांत अधूनमधून लहानसा फरक पडला पाहिजे, ही दुसरी. आणि या फरकांमुळे काहींना अधिक संतती व्हावी, काहींना कमी, ही तिसरी. जेथे या तीन अटी एकत्र येतात तेथे उत्क्रांती घडतेच. मग तो जीव मांसाचा असो वा संगणकाच्या स्मृतीतील आकड्यांचा असो.

म्हणून संगणकातील जीवसृष्टीची आखणी करणारा मनुष्य प्राणी घडवीत नाही. तो फक्त कुरण आखतो, खर्चाचे व मिळकतीचे नियम ठरवितो आणि बाजूला होतो. प्राणी कसे निपजतील हे त्याने ठरविलेले नसते.

एका कुरणाची आखणी

समजा, घाटकोपर किंवा अंधेरीच्या एखाद्या शाळेच्या संगणक कक्षात असे कुरण आखावयाचे आहे. शंभर घरे लांब व शंभर घरे रुंद असा एक पट घ्यावा. त्यावर ठिकठिकाणी गवत असेल. पटावर शंभर प्राणी सोडावेत. प्रत्येकाजवळ शक्तीची शंभर एकके असतील आणि प्रत्येकाच्या अंगी एकच जनुक असेल, ते म्हणजे वेगाचे. वेग एक, दोन किंवा तीन असू शकेल.

आता खर्चाचा नियम. वेग एक असलेला प्राणी एका फेरीत एक घर चालतो व त्याचे एक एकक खर्ची पडते. वेग दोनचा प्राणी दोन घरे चालतो, पण त्याचा खर्च चार एककांचा असतो. वेग तीनचा प्राणी तीन घरे जातो व नऊ एकके खर्च करतो. मिळकतीचा नियम असा की गवताचा एक पुंजका खाल्ला की चाळीस एकके मिळतात. शक्ती दोनशेवर गेली की प्राण्याचे दोन प्राणी होतात व प्रत्येकाला निम्मी शक्ती मिळते. शक्ती संपली की प्राणी मरतो. शेवटचा नियम असा की दर वीस जन्मांमागे साधारण एका पिल्लाचा वेग आईच्या वेगापेक्षा एका पायरीने कमी किंवा जास्त निघतो.

आज्ञावलीत एवढेच लिहावयाचे असते. चपळ व्हा किंवा काटकसरी व्हा, असा आदेश तिच्यात कोठेही नसतो. पुढे काय होईल ते फळ्यावर खडूनेही मांडता येते.

कुरण हिरवेगार असून प्रत्येक फेरीला गवत मिळत असेल, तर मंद प्राण्याची शिल्लक दर फेरीला ३९ एकके, मध्यम वेगाच्या प्राण्याची ३६ आणि वेगवान प्राण्याची ३१ राहते. म्हणजे सुकाळात धावपळ करणे हा निव्वळ तोटा आहे आणि मंद प्राण्यांची संख्या वाढत जाते.

आता गवताचे पुंजके बारा-बारा घरांच्या अंतरावर आहेत असे धरू. मंद प्राण्याला तेथवर पोहोचण्यास बारा फेऱ्या लागतात व २८ एकके शिल्लक राहतात, म्हणजे दर फेरीला सुमारे सव्वादोन. मध्यम प्राणी सहा फेऱ्यांत पोहोचतो आणि १६ एकके राखतो, म्हणजे दर फेरीला अडीचहून थोडी अधिक. वेगवान प्राणी चार फेऱ्यांत पोहोचतो खरा, पण त्याच्या हाती चारच एकके उरतात. या कुरणात मध्यम वेगाची सरशी होते. सरशी थोडीशीच आहे. परंतु चक्रवाढ व्याजाप्रमाणे ती पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाते आणि अखेर पटावर बहुसंख्य प्राणी त्याच वेगाचे दिसू लागतात.

तिसरे कुरण अवर्षणाचे. पुंजके चोवीस घरांच्या अंतरावर आहेत. मध्यम प्राण्याचा प्रवासखर्च ४८ एकके होतो व मिळकत चाळीसच असते. वेगवान प्राण्याचा खर्च तर ७२ एककांवर जातो. दोघेही हळूहळू संपतात. सावकाश चालणारा प्राणी मात्र १६ एकके शिल्लक ठेवून टिकून राहतो.

तीन कुरणे, तीन निकाल. यातून विद्यार्थ्याच्या ध्यानी जी गोष्ट यावी ती अशी की मुळात श्रेष्ठ असा कोणताही वेग नाही. तो वेग कोणत्या कुरणात आहे, यावर सारे अवलंबून असते. ‘जो टिकला तो श्रेष्ठ’ हा उत्क्रांतीचा अर्थ नव्हे, आणि माणसामाणसांतील उच्चनीचतेचे समर्थन करण्यासाठी तिचा आधार घेणे हे तर विज्ञानालाही सोडून आहे.

पुढे या आखणीत दृष्टी, आकार, कळपात राहण्याची वृत्ती अशी आणखी जनुके घालता येतात. मात्र प्रत्येक गुणाची किंमत लावावी लागते. दूरवर पाहणारा डोळा फुकट दिला, तर सारेच प्राणी दूरदृष्टीचे होतील आणि त्यातून काहीच कळणार नाही. निसर्गातही कोणताच गुण फुकट मिळत नाही.

या विद्येचे पूर्वसूरी

ही कल्पना आजची नाही. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील प्रगत अध्ययन संस्थेत जॉन फॉन नॉयमन यांच्या देखरेखीखाली एक संगणक उभा राहिला होता. १९५३ साली नील्स बारिचेल्ली या गणितज्ञाने त्या यंत्रावर आकड्यांचे ‘जीव’ सोडून त्यांची वाढ, झुंज व परस्परावलंबन न्याहाळले. त्या यंत्राची स्मृती चाळीस अंकस्थानांच्या १,०२४ शब्दांची, म्हणजे आजच्या हिशेबाने जेमतेम पाच किलोबाइट होती. भारतीय वाचकांस अभिमान वाटावा असे की मुंबईतच टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेल्या व १९६० साली कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकाची स्मृती तेवढ्याच लांबीच्या २,०४८ शब्दांची होती. आज उपनगरातील लोकलगाडीत उभ्याने प्रवास करणाऱ्या कोणाच्याही खिशातील दूरध्वनी या दोहोंहून कितीतरी पटींनी समर्थ आहे. साधनाची उणीव आता उरलेली नाही.

१९७५ साली मिशिगन विद्यापीठाचे जॉन हॉलंड यांनी या विद्येला ग्रंथरूप दिले. १९९० साली थॉमस रे या वनस्पती-परिसंस्थांच्या अभ्यासकाने ‘टिएरा’ नावाची सृष्टी रचली. तिच्यातील मूळ जीव म्हणजे स्वतःची नक्कल करणारी ८० आज्ञांची एक मालिका होती. थोड्याच अवधीत तिच्यात ४५ आज्ञांचे बांडगुळी जीव आपोआप उपजले. त्यांना स्वतःची नक्कल करता येत नसे. शेजाऱ्याच्या आज्ञा वापरून ते आपला वंश वाढवीत. मग त्यांना दाद न देणारे जीवही निपजले. परजीवी निर्माण करा, असे कोणी सांगितले नव्हते. नियमांत तशी फट होती आणि सृष्टीने ती शोधून काढली.

एका महाराष्ट्रीय गणितज्ञाचे सूत्र

या विषयाचा एक धागा थेट आपल्या मातीत येऊन मिळतो. पडद्यावरील प्राण्यांना दोन जन्मदाते द्यावयाचे असतील, तर आईची काही जनुके व बापाची काही जनुके यांची अदलाबदल कशी व्हावी हे ठरवावे लागते. रंगसूत्रावर जवळजवळ असलेली जनुके बहुधा एकत्रच पुढे जातात, दूरची जनुके विलग होतात. किती अंतरावर किती वेळा विलग होतील, याचे एक सूत्र १९४४ साली दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी मांडले. कोसंबींचा जन्म १९०७ साली गोव्यात झाला. बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांचे ते पुत्र. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात व पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी गणिताचे काम केले. १९४८-४९ मध्ये त्यांनी विलायतेत व अमेरिकेत संगणक यंत्रांचा अभ्यासही केला. इतिहासकार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. पण पिकांच्या जनुकांचे नकाशे तयार करणारे जगभरचे शास्त्रज्ञ आजही ‘कोसंबी फलन’ वापरतात, ही गोष्ट आपल्या फार थोड्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. गणित, शेती आणि संगणक ही वेगवेगळी दालने नाहीत, हे सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण शिक्षकाला मिळणार नाही.

बक्षीस कशाला द्यावयाचे?

आता आखणीतील सर्वांत नाजूक भागाकडे वळावे लागेल. काही आखण्यांमध्ये रचनाकार गवताऐवजी उघड बक्षीस ठेवतो. जो अमुक काम करील त्याला अधिक संतती, असा नियम करतो. १९९४ साली कार्ल सिम्स यांनी ठोकळ्यांच्या शरीराचे प्राणी संगणकात उत्क्रांत केले. पोहणारे, चालणारे, प्रकाशामागे जाणारे असे विलक्षण प्राणी त्यातून निपजले आणि त्या चित्रफिती जगभर गाजल्या. परंतु एका प्रयोगात जमिनीवर वेगाने पुढे सरकणाऱ्यास बक्षीस ठेवले होते. प्राण्यांनी चालण्याचे कष्टच घेतले नाहीत. ते उंच वाढले आणि नुसते कोसळले. उंच खांब पडताना त्याचा शेंडा वेगाने पुढे जातो. नियमात वेग मोजला जात होता, चाल मोजली जात नव्हती. प्राण्यांनी नियम तंतोतंत पाळला होता.

हसून सोडून द्यावी अशी ही गोष्ट नाही. जे मोजले जाते तेच वाढते आणि मोजणाऱ्याच्या मनात काय होते याच्याशी त्या वाढीला कर्तव्य नसते. पटावरील हजेरी मोजली तर हजेरी वाढेल. मुलाला वाचता येऊ लागले की नाही, हे त्यावरून कळणार नाही. शौचालयांची संख्या मोजली तर बांधकामे वाढतील. त्यांचा वापर होतो की नाही, हे वेगळे पाहावे लागेल. उद्दिष्ट ठरविणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने व पंचायत सदस्याने, या नियमात कोसळणाऱ्या खांबालाही बक्षीस मिळते काय, असा प्रश्न आधी स्वतःला विचारलेला बरा.

याच संदर्भात २००३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. ‘अविडा’ नावाच्या संगणकीय सृष्टीत रिचर्ड लेन्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका अवघड तर्कक्रियेला मोठे बक्षीस ठेवले आणि तिच्या वाटेवरील सोप्या क्रियांना लहान बक्षिसे ठेवली. पन्नास सृष्ट्यांपैकी तेवीस सृष्ट्यांत ती अवघड क्रिया उपजली. नंतर लहान बक्षिसे काढून टाकून फक्त अखेरच्या क्रियेलाच बक्षीस ठेवले. तेव्हा पन्नासांपैकी एकाही सृष्टीत ती उपजली नाही. मधल्या पायऱ्यांची कदर न करता शिखराची अपेक्षा धरणे निष्फळ आहे, हे जाणत्या शिक्षकाला अनुभवाने ठाऊक असते. येथे ते आकड्यांत उतरले आहे.

शेतात घडून गेलेला प्रयोग

उपनगरातील शाळेच्या पडद्यावर जे दिसते, ते विदर्भ-मराठवाड्याच्या शेतात घडून चुकले आहे. भारतात बीटी कापसाला २००२ साली मान्यता मिळाली. बोंडअळीला मारक असे प्रथिन या कपाशीच्या पानाबोंडांत तयार होते. मान्यतेबरोबर एक अट होती. शेताच्या कडेने बिगर-बीटी कपाशीच्या पाच ओळी, किंवा एकूण क्षेत्राच्या वीस टक्के, यांपैकी जे अधिक असेल तेवढी लागवड करावयाची. त्यासाठी ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी दिली जाई. तिलाच शेतकरी ‘रेफ्युजी’ म्हणत.

अनेकांनी ती पुडी बांधावर टाकून दिली. अळीला मुद्दाम खाऊ घालण्यासाठी आपले शेत का द्यावे, हा त्यांचा प्रश्न स्वाभाविक होता. त्याचे उत्तर त्यांना समजेल अशा रीतीने पोहोचविण्यात सारेच कमी पडले. उत्तर असे होते. असंख्य अळ्यांत एखाद-दुसरी अळी जन्मतःच त्या विषाला दाद न देणारी असते. सर्व शेत बीटी असेल तर इतर अळ्या मरतात, अशाच तेवढ्या उरतात व त्यांचे पतंग आपसांत संग करून तशीच प्रजा वाढवितात. कडेच्या साध्या कपाशीवर मात्र विषाला बळी पडणाऱ्या अळ्या जगतात. त्यांचे पतंग त्या थोड्या प्रतिकारक पतंगांशी संग करतात आणि त्यांची पिल्ले बहुधा पुन्हा विषाला बळी पडतात. पाच ओळींचे नुकसान हा साऱ्या शेताच्या रक्षणाचा हप्ता होता.

बीटी कापसातील विषांना न जुमानणारी गुलाबी बोंडअळी पुढे पसरत गेली आणि २०१७ च्या खरिपात राज्यातील कापूस उत्पादकांना तिने जबर फटका दिला. लांबलेला हंगाम, फरदडीचे पीक ही अन्य कारणेही त्यामागे होती. याउलट अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात शेतकऱ्यांनी आश्रय-ओळींचा नियम पाळला. तेथे बीटी कापूस १९९६ साली आला, तरी बोंडअळीत प्रतिकारशक्ती फोफावली नाही. पुढे वंध्य पतंग सोडण्याची जोड देऊन २०१८ साली अमेरिकेने आपल्या कापूस क्षेत्रातून ही अळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले.

आता वर सांगितलेल्या कुरणाच्या जागी कपाशीचे शेत, प्राण्यांच्या जागी अळ्या आणि वेगाच्या जागी प्रतिकाराचे जनुक ठेवावे. एका पटावर आश्रय-ओळी ठेवाव्यात, दुसऱ्यावर ठेवू नयेत. दोन्ही पट एकाच वेळी चालू करावेत. ग्रामसभेत, पडद्यावर हे पाच मिनिटे दाखविले असते, तर पुडी फेकण्यापूर्वी शेतकऱ्याने दोनदा विचार केला असता. डासनाशक फवारण्या निष्प्रभ होणे, अर्धवट सोडलेल्या उपचारामुळे क्षयाचे जंतू औषधांना निगरगट्ट होणे, यांमागेही हेच कारण आहे.

शाळेत आणि गावात

यासाठी मोठा खर्च लागत नाही. १९९९ पासून प्रचारात असलेली ‘नेटलोगो’ ही आज्ञावली विनामूल्य मिळते. तिच्यात अशा सृष्टींचे तयार नमुनेही आहेत आणि त्यांतील नियम विद्यार्थी स्वतः बदलू शकतात. प्रयोग करताना तीन पथ्ये पाळावीत. एका वेळी एकच अट बदलावी. तोच प्रयोग निदान दहा वेळा करावा, कारण एका वेळचा निकाल योगायोगाचा असू शकतो. आणि काय होईल याचा आपला अंदाज आधी वहीत लिहून ठेवावा.

जेथे संगणक नाही तेथेही अडावयाचे कारण नाही. मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली स्थापन झाले. सत्तरीच्या दशकातच या केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांतून विज्ञान शिकविण्याचे काम केले, हे येथे आठवावे. नक्षीदार चादरीवर चवळी, वाल, राजमा व मूग यांचे प्रत्येकी वीस दाणे पसरावेत. विद्यार्थ्यांनी पक्षी होऊन दहा सेकंदांत मिळतील तेवढे दाणे उचलावेत. उरलेल्या प्रत्येक दाण्याला त्याच जातीचा एक दाणा जोड द्यावा व पुन्हा उचलण्यास सांगावे. चार-पाच फेऱ्यांत चादरीच्या रंगात मिसळणारे दाणे चादर व्यापून टाकतात. मग चादर बदलावी. चितळाला ठिपके कोणी दिले, याचे उत्तर मुले स्वतःच देतात.

अर्थात प्रतिरूप म्हणजे जीवन नव्हे. पडद्यावरील प्राण्याला रोगराई नाही, आईची माया नाही, ऋतूंचा फेरा नाही. जेवढे आपण लिहिले तेवढेच त्या जगात आहे. म्हणून तेथील निकाल शेतावर, जंगलात, दवाखान्यात पडताळून पाहावे लागतात. प्रतिरूप प्रश्न नेमका करून देते, उत्तराची जबाबदारी मात्र निरीक्षणाचीच राहते.

बोरिवलीच्या अरण्यातील बिबट्याला आज भोवतालच्या वस्तीतील भटकी कुत्री हे एक भक्ष्य झाले आहे. उघड्यावर कचरा पडतो, त्यावर कुत्री पोसली जातात आणि त्यांच्यामागे बिबट्या येतो. हे कुरण त्याने आखलेले नाही. ते माणसांनी आखले आहे आणि ते बदलणेही माणसांच्याच हाती आहे. शाळेत, शेतात किंवा कचेरीत नियम घालून देणाऱ्या प्रत्येकाने आपल्या नियमांतून काय निपजत आहे, हे वेळोवेळी डोळे उघडे ठेवून पाहावे, एवढेच या छोट्याशा पटावरील प्राण्यांचे सांगणे आहे.